उंदरांचे चार वाण आणि एकवीस जनुके

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढली, की पुढचा प्रश्न उभा राहतो : रसायनोपचार द्यायचे की नाही? पाचूबंदरहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे म्हणजे आधी वसईरोड स्टेशन गाठायचे, मग लोकल. मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला असे फेरे महिनोन् महिने घालावे लागले, तर धंदा बसतो, केस गळतात, अंगात त्राण राहत नाही. ज्या बाईला या औषधांचा उपयोग होणारच नसेल, तिला ती टाळता येतील का, हा प्रश्न थेट तिच्या चुलीपर्यंत पोचतो.

या इतिहासातले एक पान परळलाच लिहिले गेले. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली, मूळच्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी उंदरांचे चार वाण अभ्यासाला घेतले. स्तनाचा कर्करोग होण्याची प्रवृत्ती प्रत्येक वाणात वेगळी होती. रणदिवे यांनी या वाणांच्या निरोगी स्तनग्रंथींचीच तुलना केली. रोग दिसण्याआधीची ऊती पाहायची, ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि आईच्या दुधातून पिलांत उतरणारा विषाणू यांचे धागे रोगात कसे गुंततात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय राहिला.

संप्रेरकांचा धागा त्याहून जुना. ग्लासगोच्या बीटसन यांनी १८९६ साली नोंदवले होते, की बीजांडकोश काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी आटतात. काहींच्याच का? याचा उलगडा जेन्सन यांनी इस्ट्रोजेनचा ग्राही शोधल्यावर झाला : ज्या गाठीत ग्राही आहे, तीच संप्रेरकाला दाद देते. १९८७ साली हर-२ या जनुकाच्या जादा प्रती आणि रोगाचा जोर यांचा संबंध दिसला. त्यावरचे औषध १९९८ साली आले.

येथे वर्गात एक घोटाळा हमखास होतो. आईवडिलांकडून येणारा बीआरसीए जनुकातील दोष रक्तातही सापडतो. गाठीची चाचणी वेगळी. काढलेल्या गाठीतली कोणती जनुके किती जोमाने काम करत आहेत, हे ती आरएनए मोजून सांगते. २००४ साली आलेली अशी एक चाचणी २१ जनुके तपासून शून्य ते शंभर असा अंक देते. तिची मोठी परीक्षा २०१८ साली प्रसिद्ध झाली. दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सर्वांच्या गाठीत संप्रेरक-ग्राही होता, हर-२ वाढलेले नव्हते आणि काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेला नव्हता. अंक ११ ते २५ असलेल्या बहुतेकींना रसायनोपचारांचा जादा लाभ झाला नाही. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र थोडा झाला.

ही चाचणी महाग आहे. पण दोन संप्रेरक-ग्राही आणि हर-२ यांची तपासणी काचपट्टीवर रंग चढवून होते, पुष्कळ स्वस्तात. उपचाराची पहिली वाट त्यावरच ठरते.