कासवांसाठी खाऊचे पैसे

टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरावर अमेरिकन सरकारची एक मत्स्यप्रयोगशाळा आहे. १९८०च्या दशकात तिथल्या शेडमध्ये प्लास्टिकच्या बादल्यांच्या रांगा लागलेल्या असत आणि प्रत्येक बादलीत कासवाचं एकेकच पिल्लू असे. एकत्र ठेवली तर ती एकमेकांना चावून जखमी करत, म्हणून हा वेगळा संसार. दीड-दोन हजार पिल्लांना रोज खायला घालायचं, रोज पाणी बदलायचं, आणि हे साधारण दहा महिने चालवायचं. सरकारी पैसा त्याला पुरत नव्हता. १९८२ साली ही अडचण ह्यूस्टनच्या कॅरोल अॅलन यांच्या कानावर आली आणि ती त्यांनी थेट शाळकरी मुलांपुढे मांडली. मुलांनी एकेका सेंटची नाणी जमवायला सुरुवात केली. त्या नाण्यांतून पिल्लांसाठी पाण्यावर तरंगणारं खाद्य विकत घेतलं जाऊ लागलं.

या उपक्रमाचं नाव ‘हेल्प एन्डेंजर्ड अॅनिमल्स : रिडले टर्टल्स’. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘हार्ट’ म्हणू लागले. अशी नावं जुळवून केलेली वाटतात, पण वर्गाच्या फळ्यावर लिहायला आणि डब्यावर चिकटवायला ते सोपं होतं. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पोचायला त्याला वेळ लागला नाही.

मुलं ज्याच्यासाठी पैसे जमवत होती ते केंप्स रिडले कासव जगातल्या सागरी कासवांमध्ये सर्वात दुर्मीळ. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या रिचर्ड केंप यांनी पाठवलेल्या नमुन्यावरून १८८० साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. ते अंडी कुठे घालतं, हे मात्र पुढची ऐंशी वर्षं विज्ञानाला कळलं नव्हतं. मेक्सिकोतल्या तामाउलिपास राज्यात रँचो नुएव्हो नावाचा किनारा आहे. तिथल्या गावकऱ्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आंद्रेस हेरेरा हे टॅम्पिकोचे अभियंता. स्वतःचं छोटं विमान घेऊन ते या किनाऱ्यावर घिरट्या घालत राहिले आणि १८ जून १९४७ रोजी त्यांना ते दृश्य सापडलं. त्यांनी कॅमेरा चालू केला. भर दिवसा हजारो माद्या वाळूवर चढत होत्या, एकीच्या पाठीवरून दुसरी जात होती. ही फिल्म चौदा वर्षं जवळजवळ कुणी पाहिली नाही. १९६१ साली हेन्री हिल्डेब्रँड या टेक्ससच्या प्राध्यापकांनी ती प्राणिशास्त्रज्ञांच्या परिषदेत दाखवली, तेव्हा सभागृह थक्क झालं. त्या एका दिवशी किनाऱ्यावर चाळीस हजार माद्या असाव्यात, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर वाद घातला आहे, पण संख्या प्रचंड होती याबद्दल कुणाचं दुमत नाही.

त्याच फिल्ममध्ये माणसं वाळू उकरून अंडी काढतानाही दिसतात. अंडी गाढवांवर लादून, ट्रक भरून शहरात जात आणि तिथल्या दारूच्या गुत्त्यांत पौरुष वाढवणारी म्हणून खपत. १९६६पासून मेक्सिकोने किनाऱ्यावर नौदलाचे सशस्त्र जवान उभे केले, १९७७ साली तो राखीव जाहीर केला. तरी उतार थांबेना. १९८५ साली संपूर्ण हंगामात ७०२ घरटी मोजली गेली. एक मादी हंगामात दोन-तीनदा अंडी घालते, म्हणजे माद्या तीनशेच्या आसपासच उरल्या होत्या.

दोन्ही देशांनी मिळून १९७८ साली एक विलक्षण प्रयोग सुरू केला. टेक्ससच्या पाद्रे बेटावर या कासवांची दुसरी वसाहत उभी करायची. मादी जिथे जन्मते त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परतते, या समजुतीवर त्याचा सगळा डोलारा होता. म्हणून रँचो नुएव्होत अंडी पडत असतानाच ती पिशवीत झेलायची, तिथल्या वाळूचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही आणि पाद्रेहून आणलेल्या वाळूत भरून ती विमानाने उत्तरेला न्यायची. अंडी फुटली की पिल्लांना पाद्रेच्या वाळूवरून लाटांपर्यंत चालू द्यायचं आणि लाटेत शिरता शिरता हातजाळ्याने उचलायचं. तिथून ती गॅल्व्हेस्टनच्या बादल्यांत जात. समुद्रात सोडण्यापूर्वी त्यांच्या पोटाकडच्या फिकट कवचाचा बारीक तुकडा पाठीच्या काळपट कवचावर रोवला जाई. कासव मोठं होई तसा तो ठिपकाही वाढे आणि पुढे कधी ते सापडलं तर ओळख पटे.

हा सगळा खटाटोप मुलांना आवडला यात नवल नाही. पण पैशाच्या हिशेबापलीकडे काहीतरी घडत होतं. ज्या मुलाने नाणी दिली होती, त्याच्यासाठी बादलीतलं पिल्लू परकं राहिलं नव्हतं. समुद्रात सोडल्यावर त्याचं काय झालं, हा प्रश्न विचारायचा त्याला हक्क होता. त्याचं उत्तर फार कडू होतं. मेक्सिकोच्या आखातात कोळंबी पकडणारे हजारो ट्रॉलर तासन्‌तास जाळी ओढत. हवेसाठी वर येणाऱ्या कासवाला जाळ्यातून निघता येत नसे आणि ते बुडून मरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पुढे १९९० साली तसा अहवालही दिला. अमेरिकेच्या पाण्यात इतर सगळ्या मानवी कारणांनी मिळून मरतात त्याहून जास्त सागरी कासवं एकट्या कोळंबीच्या जाळ्यांत मरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. बादलीत दहा महिने पोसायचं आणि जाळ्यात बुडू द्यायचं, हे आठ वर्षांच्या मुलालाही पटणारं नव्हतं. ‘हार्ट’ खाद्यावरून जाळ्याकडे वळली ती इथे.

जाळ्यावरचा उपाय मच्छीमारांच्याच हातचा होता. जॉर्जियातल्या डॅरिएन गावच्या सिंकी बून यांनी जेलीफिश जाळ्याबाहेर काढण्यासाठी एक गजांची चौकट तयार केली होती. जाळ्याच्या गळ्यात ती तिरकी बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, मोठं जनावर गजांवर अडून कडेच्या खिडकीतून बाहेर पडतं. तिच्यावरूनच ‘टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस’, म्हणजे टेड, घडलं. १९८७ साली ते सक्तीचं करणारे नियम आले आणि आखातात आगडोंब उसळला. खिडकीतून कोळंबीही निसटते, हे मच्छीमारांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि कर्जावर बोट घेतलेल्याला ते नुकसान सोसणं अवघड होतं. जुलै १९८९मध्ये शेकडो ट्रॉलरनी गॅल्व्हेस्टनसह आखातातल्या बंदरांची तोंडं अडवली. वाणिज्यमंत्री रॉबर्ट मॉसबाकर हे ह्यूस्टनचेच. त्यांनी नियम काही काळ बाजूला ठेवले. कासवांच्या बाजूने वॉशिंग्टनकडे पत्रं जात होती आणि त्यांत शाळकरी अक्षरातलीही होती. पुढच्या काही वर्षांत टेड टप्प्याटप्प्याने आखातभर लागू झालं.

बादल्यांचा प्रयोग मात्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबवण्यात आला. पोसलेली कासवं समुद्रात टिकून परतल्याचा पुरावा तोवर हाती नव्हता आणि तेवढाच खर्च किनारा व जाळ्यांवर केला तर फळ जास्त मिळेल, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत होतं. मग १९९६ साली पाठीवरच्या खुणा मिरवत दोन माद्या पाद्रे बेटावर अंडी घालायला आल्या. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं गस्त घालणाऱ्या डॉना शेव्हर यांच्यासाठी ती आयुष्यातली मोठी नोंद होती. २००९पर्यंत मेक्सिकोतली घरटी वीस हजारांच्या घरात पोचली. २०१० साली ही वाढ अचानक खुंटली, पण १९८५ची खाई मागे पडली होती. २०१३ साली टेक्ससने केंप्स रिडलेला राज्याचं सागरी कासव म्हणून मान दिला. यात बादल्यांचा वाटा किती आणि टेडचा किती, यावर अभ्यासक अजूनही भांडतात. खाद्याच्या पैशांनी वाचलेली कासवं थोडी असतील, पण त्या पैशांनी कासवांच्या बाजूने बोलणारी एक पिढी तयार केली. ती नसती तर १९८९च्या त्या उन्हाळ्यानंतर मच्छीमारांच्या संतापापुढे टेडचे नियम कुणाच्या बळावर टिकले असते?

या भांडणाची लाट पुढे भारतापर्यंत आली. टेड न वापरता पकडलेली कोळंबी अमेरिकेत घ्यायची नाही, असा कायदा तिथे १९८९ सालीच झाला होता. १९९६मध्ये तो सगळ्या देशांना लागू झाला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या चौघांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. ऑक्टोबर १९९८च्या निकालात कासवं वाचवण्याचा हेतू रास्त ठरला, पण अमेरिकेने देशादेशांत भेदभाव केला असाही ठपका आला. पुढच्या वर्षी सिएटलमध्ये व्यापार संघटनेच्या बैठकीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा शेकडो निदर्शक कासवाचे पोशाख घालून रस्त्यावर उतरले होते.

कोकणात येणारं ऑलिव्ह रिडले हे केंप्स रिडलेचं सख्खं भावंड. वंश एकच आणि थव्याने येऊन अंडी घालण्याची ओडिशात दिसणारी सवयही तीच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली घरटी राखायला सुरुवात केली. आज पिल्लं समुद्रात सोडली जाताना पाहायला तिथे लांबून माणसं येतात. टेडचा प्रश्न मात्र आपल्याकडे सुटलेला नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलरना जुळेल असं टेड बनवलं, तरी ते बोटींवर रुळलं नाही आणि २०१९ साली अमेरिकेने भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीला दार बंद केलं. महाराष्ट्रात २०१८च्या अखेरीपासून संरक्षित जलचर सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही मोलाची गोष्ट आहे. पण त्यासाठी जाळं वर येईपर्यंत कासव जिवंत असावं लागतं. वेळासला पिल्लं पाहायला येणाऱ्या शाळेच्या सहलीने दापोलीच्या वाटेवर हर्णै बंदरावरही थांबावं, गजांची ती चौकट एखाद्या जाळ्यात दिसते का ते बघावं आणि ती बसवायला बोटीच्या तांडेलाला किती पदरमोड करावी लागेल, हे त्यालाच विचारावं.