वादळानंतर नाल्याकाठची झाडं : खोड उपटू नका

मे-जूनमध्ये वादळ झालं की रावेर-यावलकडून आधी आडव्या केळीचे फोटो येतात, मग पंचनामे सुरू होतात. बरोबरच आहे, पोट त्यावर आहे. पण सुकी, अनेर आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठी अर्जुन सादडा, जांभूळ, करंज, उंबर पडतात, त्याकडे कोणी बघत नाही. आठ दिवसांनी जेसीबी येतो, खोडं मुळासकट काढतो, काठ साफ. मग पूर आला की तो काठ बांधासकट वाहून जातो. माझ्या शेताचा असाच गेला. जागा अर्धा गुंठाही नसेल, पण माती परत आली नाही.

ओल्या काठाची ही झाडं वादळाने लवकर मरत नाहीत. अर्जुन आणि करंज बुंध्यातून चांगले फुटतात. मोडलेलं खोड जमिनीपासून वीतभर ठेवून करवतीने तिरपं कापा, म्हणजे पाणी साचत नाही. पहिल्या वर्षी जेवढे फुटवे येतील तेवढे येऊ द्या, पुढच्या उन्हाळ्यात जोमदार दोन-तीन ठेवा. झाड नुसतं कललं असेल, मुळं मातीत असतील, तर फांद्या हलक्या करून सोडून द्या. पूर्ण उलथलेलं झाड कापताना मात्र मुळाच्या खड्ड्यात कोणी उतरू नये. खोड सुटलं की मुळांचा गड्डा झटक्यात परत खाली बसतो. पुलाखाली, मोरीत अडकलेले ओंडके लगेच काढा, बाकीचे काठावर पडू द्या.

सावली गेली की ऊन थेट जमिनीवर येतं आणि टणटणी, वेडी बाभूळ घुसते. पहिली दोन वर्षं ती हाताने उपटावीच लागते. आपोआप उगवलेली रोपं शोधून त्यांच्याभोवती बोरी-बाभळीचे काटे लावा, नाहीतर शेळ्या काही ठेवत नाहीत.

रोपं नसतील तर बी टाका. जांभळाचं बी वाळवून ठेवलं की वाया जातं, खाल्ल्यावर आठवड्याभरात लावलेलं बरं. एका बियेतून दोन-तीन रोपंही निघतात. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदलीतली राई आहे, राज्याने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली आहे. त्या झाडाचं बीही असंच, सुकलं की गेलं. म्हणून अशा जागी मोठी झाडं उभी राहणं आणि ओल टिकणं दोन्ही लागतं. अर्जुनाचं फळ मात्र उन्हाळ्यात गोळा करून ठेवता येतं. पेरण्याआधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा.

लाकडाचं आधी विचारून घ्या. जांभूळ, आंबा, साग ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या गटातली असली तरी. पडलेल्या झाडाचे फोटो काढा, तलाठ्याला आणि वनविभागाला कळवा, मगच करवत लावा. यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीतलं पडलेलं लाकूडही परवानगीशिवाय उचलता येत नाही.