मिसूरीतील भयाचा महजर

ज्या गावापासून सांता फेच्या मार्गावरील व्यापाऱ्यांच्या गाड्यांचे तांडे निघत, आणि ज्याच्या पश्चिमेस काही कोसांवर मिसूरी संस्थानाची हद्द संपून अमेरिकेतील मूळ जमातींसाठी राखलेला मुलूख सुरू होई, त्या इंडिपेंडन्स गावी १८३१ च्या उन्हाळ्यात जोसेफ स्मिथ हा तरुण धर्मसंस्थापक आला आणि ईश्वराने नेमलेली ‘झायन’ नगरीची भूमी हीच होय, असे त्याने आपल्या अनुयायांस सांगितले. त्याचा मॉर्मन पंथ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष लोटले होते. त्या वचनावर विश्वासून न्यूयॉर्क आणि ओहायोकडील गरीब कुटुंबे मिळेल त्या साधनाने जॅक्सन काउंटीत येऊन उतरू लागली, जमिनीची खरेदीखते करू लागली आणि आपला छापखाना, आपले दुकान व आपले सामायिक कोठार उभारू लागली.

त्यांचे जे शेजारी स्वतःस जुने रहिवासी म्हणवीत, त्यांची वहिवाट तरी किती जुनी होती? ओसेज जमातीने त्या भूमीवरील आपला हक्क तहान्वये सोडला तो १८२५ साली, आणि काउंटीची स्थापना झाली १८२६ साली. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया या प्रांतांतून, कित्येकदा आपले गुलाम बरोबर घेऊन आलेली ही माणसे पाच-सहा वर्षांपूर्वीच तेथे स्थिरावली होती. ज्या भूमीवरून दुसऱ्यांस उठविले गेल्याचे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, तेथून आपणासही कोणी उठवील ही कल्पना त्यांस अशक्य वाटत नसावी, असे मला वाटते.

१८३३ च्या उन्हाळ्यापर्यंत नवागतांची संख्या सुमारे बाराशेवर, म्हणजे काउंटीच्या लोकसंख्येच्या जवळजवळ तृतीयांशावर गेली. एकाच गुरूच्या शब्दाने चालणारे हे लोक उद्या एकगठ्ठा मते देऊन शेरीफ, न्यायाधीश आणि कारकून आपलेच निवडतील, हा जुन्या रहिवाशांचा हिशेब चुकीचा नव्हता. ही भूमी ईश्वराने आम्हांस वतन म्हणून दिली आहे, असे काही मॉर्मन मंडळी उघडपणे बोलत. जमीन पैसे मोजून विकत घ्यावयाची आहे, हे त्यांचे पुढचे वाक्य शेजाऱ्यांच्या कानांत शिरत नसे. तशात अमेरिकेतील मूळ जमाती प्राचीन इस्राएलच्या वंशातील आहेत अशी त्यांची श्रद्धा, आणि त्या जमाती सरकारने नुकत्याच हद्दीपलीकडे आणून वसविलेल्या. तेव्हा हे दोघे एकवटून आपणावर चालून येतील, अशी कुजबुज घराघरांतून सुरू झाली.

ठिणगी पडली ती मॉर्मनांच्या मासिकातील एका मजकुरामुळे. संपादक फेल्प्स याने जुलै १८३३ च्या अंकात, स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या मिसूरीतील प्रवेशासंबंधीचा कायदा आपल्या धर्मबंधूंस सावध करण्यासाठी छापला. गुलामांच्या मालकांनी त्याचा अर्थ आमंत्रण असा केला. हा अर्थ काढून टाकण्यासाठी संपादकाने तातडीने खुलासा छापला, पण तो कोणी ऐकून घेतला नाही. जुन्या रहिवाशांनी एक महजर तयार केला. पंथ अज्ञानी आहे, दरिद्री आहे, गुलामांत फितूर माजवितो, आणि त्याच्या उपद्रवावर प्रचलित कायद्यात पुरेसा उपाय नाही; सबब आम्ही तो स्वतःच करू, असा त्यातील आशय होता. त्याखाली काउंटीचा कारकून, तुरुंगाधिकारी, पोस्टमास्तर आणि सॅम्युएल ल्यूकस नावाचा न्यायाधीश यांच्या सह्या होत्या. २० जुलै रोजी जमावाने छापखान्याची इमारत पाडली, आणि बिशप एडवर्ड पार्ट्रिज यास भर चौकात नेऊन त्याच्या अंगास डांबर फासून पिसे चिकटविली. नोव्हेंबरात सारी वस्ती नदीपार हाकलली गेली. गव्हर्नर डंकलिन यांनी पीडितांस न्यायालयात दाद मागण्याचा सल्ला दिला. परंतु त्या काउंटीच्या न्यायासनावर महजरावर सही करणाराच बसलेला होता.

नदीपलीकडील क्ले काउंटीने त्यांस काही काळ आसरा दिला आणि १८३६ साली सौजन्यपूर्वक निघून जाण्यास सांगितले. तेव्हा संस्थानाने त्यांच्यासाठी कॉल्डवेल ही नवी काउंटी निर्माण केली. ती अपुरी पडून वस्ती शेजारच्या काउंट्यांत पसरताच जुने भय नव्याने जागे झाले. मात्र आता मॉर्मनांचाही संयम संपला होता, आणि हे लपविणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांचा पुढारी सिडनी रिग्डन याने ४ जुलै १८३८ च्या भाषणात, पुन्हा जमाव चालून आला तर निःपाताचे युद्ध होईल अशी धमकी दिली. ‘डॅनाइट’ नावाची गुप्त संघटना उभी राहिली. आणि ज्या गॅलटिन गावी मॉर्मनांस मतदान करू न देण्यावरून ऑगस्टमध्ये मारामारी झाली, त्याच गावावर ऑक्टोबरात चाल करून त्यांच्या सशस्त्र तुकडीने लूट व जाळपोळ केली. पाच वर्षे ज्याची केवळ अफवा होती, ते आता शेजाऱ्यांच्या दारात धुमसत होते.

२७ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने हुकूम काढला, की मॉर्मनांस शत्रू लेखून त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांस संस्थानाबाहेर घालवावे. हा बॉग्ज जॅक्सन काउंटीचाच रहिवासी असून १८३३ च्या हकालपट्टीच्या वेळी उपगव्हर्नर होता. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीवर सुमारे दोनशे स्वारांनी हल्ला करून सतरा जणांस ठार केले, त्यांत लोहारशाळेत लपलेला दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्यासाठी गव्हर्नरचा हुकूम हाती येण्याची वाट पाहण्याची गरज त्या स्वारांस भासली नसावी. फार वेस्ट या मॉर्मनांच्या गावी जोसेफ स्मिथ हाती लागताच, त्यास सकाळी चौकात गोळ्या घालाव्यात असा लेखी आदेश सेनापतीने दिला. तो सेनापती म्हणजे महजरावर सही करणारा तोच सॅम्युएल ल्यूकस. ज्यास हा आदेश पाळावयाचा होता तो अलेक्झांडर डोनिफन स्वतः मॉर्मन नव्हता, व्यवसायाने वकील होता. हा थंड डोक्याने केलेला खून होईल आणि मी हा आदेश पाळणार नाही, असे त्याने वरिष्ठास लिहून कळविले. त्या साऱ्या प्रकरणात माझे मन ज्याच्यापाशी रेंगाळते असा हा एक पुरुष. बॉग्जचा हुकूम मात्र संस्थानाच्या दप्तरातून औपचारिकपणे रद्द होण्यास २५ जून १९७६ हा दिवस उजाडावा लागला.

१८३८ च्या त्या हिवाळ्यात हजारो मॉर्मन माणसे बर्फातून, चिखलातून पूर्वेकडे चालत निघाली आणि मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमधील क्विन्सी या लहानशा गावी पोहोचली. तेथील नागरिकांनी सभा भरवून त्यांस अन्न, वस्त्र, निवारा आणि काम दिले, आणि तेही त्यांचा धर्म न विचारता. पुढे मॉर्मनांनी उत्तरेस नौवू हे नगर वसविले, संस्थानाकडून सनद मिळविली, स्वतःची पलटण उभारली आणि एकगठ्ठा मते दिली. जून १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथची हत्या केली. आणि सप्टेंबर १८४५ मध्ये क्विन्सीच्याच नागरिकांनी पुन्हा सभा भरविली, समिती नेमली आणि मॉर्मनांनी संस्थान सोडून जावे अशी लेखी मागणी नौवूस धाडली.