सोलापुरचे मनोरुग्ण : मॅजिस्ट्रेटाच्या हुकुमापासून केसपेपरापर्यंत

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत लढाया, वतनें व देवस्थानें यांचे कागद विपुल आहेत. ज्याचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं अशा माणसाचा कागद मात्र विरळा. थोरांच्या घरीं तसा प्रसंग आला तरच तो पत्रांतून डोकावतो. सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यांत वरून पडले व ता. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं वारले. तो ज्वरांतील वाताचा परिणाम कीं आत्मघात, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. जेथें पेशव्यांच्या मनाचा ठाव लागत नाहीं, तेथें सोलापुरच्या एखाद्या विणकऱ्याच्या मनाची वार्ता कोण ठेवणार? प्रस्तुत लेखांत याच दुर्लक्षित माणसाचा माग, सोलापूर जिल्ह्यापुरता, काढण्याचें आम्ही योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, समाजानें या माणसाला काय दिलें हें समजण्यास त्याच्यासंबंधीं कागद कोणी केला, कोठें केला व कशासाठीं केला, एवढें पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो.

इंग्रजी अंमलापूर्वीं अशा माणसाचे आश्रय मुख्यत्वें तीन : घर, वैद्य व क्षेत्र. चरकसंहितेंत उन्मादास निदानस्थानांत व चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय दिले असून दोषज उन्मादाहून आगंतु उन्माद निराळा सांगितला आहे. वैद्यांच्या बाडांतून उन्मादावरील पाठ आढळतात ते याच परंपरेचे. क्षेत्रांत सोलापुरकरांस जवळचें म्हणजे भीमेच्या कांठचें गाणगापूर. बाधा झालेल्या माणसांना तेथें आणण्याची चाल जुनी आहे व ती आजही चालू आहे. या काळांत रुग्णाचा कागद झालाच तर तो वैद्याच्या वहींत. सरकारदरबारीं त्याची नोंद होण्याचें सहसा कारण नव्हतें.

१८१८ त सोलापूर इंग्रजांकडे गेलें आणि १८५८ त वेड्यांविषयीं तीन कायदे एकदम झाले. पैकीं ३४ वा सुप्रीम कोर्टांच्या हद्दीपुरता. मुफसलास, म्हणून सोलापुरासही, लागू पडणारे ३५ वा व ३६ वा. ३५ वा वेड्याच्या मिळकतीची व्यवस्था पाही, ३६ वा त्याच्या देहाची. मोकाट हिंडणारा वेडा दिसल्यास पोलिसांनी त्यास धरून मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें, मॅजिस्ट्रेटानें डॉक्टराच्या साह्यानें तपासावें, व दाखला मिळाल्यास इस्पितळांत पाठवावें, असा हा क्रम. येथून रुग्णाचा कागद उत्पन्न झाला. पण तो कोर्टाचा कागद होता. त्यांत मिळकतीची याद येई, पोलिसांचा रिपोर्ट येई, डॉक्टराचा दाखला येई. ज्याच्याविषयीं हें सर्व, त्याचें म्हणणें येण्यास जागा नव्हती.

पाठवावयाचें तें कोठें? नागपुरचें इस्पितळ १८६४ चें, रत्नागिरीचें १८८६ चें, ठाण्याचें १९०१ चें. सोलापुरच्या वांट्यास पुण्याजवळचें येरवडा आलें. मंजूर खाटांच्या हिशेबानें (२,५४०) या चारांत तेंच सर्वांत मोठें. पुण्याकडून येणारी आगगाडी सोलापुरास १८६० त पोंचली होती. म्हणजे एकाच लोहमार्गानें एका दिशेस येरवडा व दुसऱ्या दिशेस गाणगापूर, आणि मध्यें सोलापूर. तथापि अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर ठेवलेल्या माणसास भेटणें मजुरी करणाऱ्या कुटुंबास किती वेळां साधणार? शिवाय सोलापुरची गोष्ट इतर जिल्ह्यांसारखी नव्हे. येथें मराठीबरोबर पद्मशाली विणकऱ्यांची तेलुगु, अक्कलकोट भागांतील कानडी व मुसलमान वस्तींतील दखनी नांदते. हाड मोडल्यास वैद्याला रुग्णाची भाषा थोडी कमी कळली तरी चालतें. मनाच्या दुखण्यांत भाषा हीच नाडी होय. ती ज्याला कळत नाहीं, त्याच्यापुढें शहाणाही वेडा ठरावयाचा.

१९१२ च्या चौथ्या कायद्यानें जुने कायदे एकत्र केले व आपखुशीनें दाखल होण्याची वाट थोडी उघडली. पण एरवीं मुख्य साधन मॅजिस्ट्रेटाचा हुकूमच राहिला. हा कायदा जाऊन १९८७ चा कायदा प्रत्यक्ष अंमलांत आला तो १ एप्रिल १९९३ रोजीं, म्हणजे ८१ वर्षांनीं.

मधल्या काळांत खरा पालट झाला तो औषधांमुळें. १९५२ नंतर क्लोरप्रोमाझिन व त्यासारखीं औषधें निघालीं आणि पुष्कळ रुग्णांस कोंडून ठेवण्याचें कारणच उरलें नाहीं. सोलापुरास १९६३ त वैद्यकीय महाविद्यालय निघालें, डॉ. वैशंपायन यांच्या नांवाच्या या संस्थेच्या व तिच्याशीं जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयाच्या मानसोपचार विभागामुळें उपचार गांवांतच आला. १९८२ त राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला. त्याचा जिल्ह्यापुरता नमुना १९८५ पासून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें बळ्ळारी जिल्ह्यांत घातला : प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांस शिकवावें व औषध तेथेंच द्यावें. त्यावरून १९९६ त जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला व पुढें तो महाराष्ट्रांत सर्वत्र पसरला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक व परिचारिका यांच्या पथकानें जिल्ह्याच्या ठिकाणीं न थांबतां तालुक्यांच्या रुग्णालयांपर्यंत जावें, ही त्याची रीत. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनिक्रमांकही यास जोडला गेला.

२०१७ चा कायदा १८५८ च्या शेजारीं ठेवून वाचावा. तेव्हां पोलिसांनी ‘धरावें’. आतां कलम १०० प्रमाणें संरक्षणांत घ्यावें, चोवीस तासांचे आंत सरकारी रुग्णालयांत पोंचवावें, कोठडींत मुळींच ठेवूं नये. कलम १८ म्हणतें कीं उपचारासाठीं कोणास लांब जाणें भाग पडूं नये. कलम ९५ नें सांखळदंड सर्वथा निषिद्ध केला. २००१ त तामिळनाडूंतील एरवाडी येथें सांखळीनें बांधलेले २८ रुग्ण आगींत जळून मेले, ही आठवण त्यामागें आहे. आणि कलम २५ नें रुग्णास स्वतःचे कागद पाहण्याचा हक्क दिला. ज्याच्याविषयीं कागद होत असे तोच आतां कागदाचा धनी झाला.

एवढ्यावरून सर्व साधलें असें मात्र नाहीं. बरे होऊनही घरचे नेत नाहींत म्हणून मनोरुग्णालयांत राहिलेलीं माणसें आजही आहेत; त्यांच्यापुरता जुना हुकूम अद्याप चालूच म्हणावयाचा. गाणगापुरास जाणाऱ्यांची थट्टा करण्याचेंही प्रयोजन नाहीं. आरतीस जाणारें कुटुंब परत येतांना रुग्णालयांत उतरलें, तर श्रद्धेस उणेपणा येत नाहीं व रुग्णाचें हित होतें.

संग्राहकांस आमची विनंति अशी. वैद्यकी बाडांतील उन्मादाचे पाठ, नवसाचे टिपण, १८५८ च्या ३५ व्या कायद्याखालील मिळकतींच्या मिसली यांस रद्दी समजूं नये; त्यांची यादी करावी. मात्र जेथें अलीकडील रुग्णाचें नांव येईल तेथें तें झांकून ठेवावें. इतर साधनांत नांव लपविणें हा दोष. येथें तें उघड करणें हा दोष होय. या माणसांचें म्हणणें पूर्वीं कोणी लिहून घेतलें नाहीं, म्हणून आपण त्यांचें दुःख तरी चव्हाट्यावर मांडूं नये.