स्वदेशी गणकयंत्राची जन्मकथा

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत समुद्रकांठीं मुरूड नांवाचें गांव आहे. त्या गांवीं इ. स. १८५३ सालीं शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. मॅट्रिकच्या परीक्षेपलीकडे त्यांचें शिक्षण झालें नाहीं. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें अशा गांवीं शिक्षकाचा पेशा करीत करीत ते अखेरीस पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत आले, आणि १८९६ सालीं त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं रॉबर्ट स्यूएल ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें त्यांनीं तयार केलेलें 'दि इंडियन कॅलेंडर' हें पुस्तकही बाहेर पडलें. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या सोळा शतकांतील कोणत्याही तिथीचा इंग्रजी दिवस काढतां यावा, अशीं कोष्टकें त्यांत आहेत. दौत, टांक, कागद आणि मुखोद्गत पाढे एवढ्याच सामग्रीवर हें काम झालें. दोन वर्षांनीं, १८९८ मध्यें, दीक्षित वारले. त्यांचें वय तेव्हां पंचेचाळीस वर्षांचेंही नव्हतें.

'गणक' हा शब्द त्या काळीं माणसास लावीत. जो गणित करतो तो गणक. मग तो पंचांग करणारा जोशी असो कीं दरबारचा हिशेबनीस असो. इंग्रजींतील 'कॉम्प्युटर' ह्या शब्दाचीही हीच कथा आहे. वेधशाळेंत बसून दिवसभर आंकडेमोड करणाऱ्या पगारी माणसास ते लोक कॉम्प्युटर म्हणत. माणसाचें हें नांव यंत्रास मिळालें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया विद्यापीठानें १९४६ सालीं जें प्रचंड विद्युत्-गणकयंत्र जगापुढें मांडलें, त्यांत सुमारें अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओच्या पेटींत ज्या कांचेच्या नळ्या तांबूस प्रकाशानें उजळत, त्याच ह्या. रेडिओंत त्यांचें काम आवाज मोठा करण्याचें. गणकयंत्रांत त्यांचें काम दरवाजाच्या कडीसारखें, म्हणजे विजेचा प्रवाह सोडणें किंवा अडविणें एवढेंच.

हिंदुस्थानांत ह्या नव्या विद्येकडे फार लवकर लक्ष गेलें, आणि त्या कथेच्या आरंभीं एका गोमंतकीय घराण्याचें नांव येतें. बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मध्यें गोव्यांत झाला. हार्वर्ड विद्यापीठांतून पदवी घेऊन ते परत आले. डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं टाटांच्या साहाय्यानें मूलभूत संशोधनाची संस्था काढली, तेव्हां गणिताच्या शाखेसाठीं त्यांनीं कोसंबींना बोलाविलें. पुण्यास घर आणि मुंबईस काम, असा त्यांचा क्रम. दख्खनच्या राणींतून त्यांची ये-जा चाले. १९४८-४९ सालीं युनेस्कोची शिष्यवृत्ति घेऊन गणकयंत्रांच्या तात्त्विक व तांत्रिक अंगांचा अभ्यास करण्याकरितां ते इंग्लंड-अमेरिकेस जाऊन आले. मात्र त्यांच्या हातून यंत्र घडलें नाहीं. प्राचीन नाणीं, संस्कृत सुभाषितें आणि भारताचा इतिहास ह्यांत त्यांची बुद्धि रमली. इतिहासाचा त्यांत लाभच झाला, ही गोष्ट निराळी.

यंत्राचें काम उभें राहिलें तें १९५४ नंतर. त्या वर्षीं रंगस्वामी नरसिंहन् हे अठ्ठावीस वर्षांचे गृहस्थ संस्थेंत दाखल झाले. ते मूळचे मद्रासचे. कॅलिफोर्नियांतील प्रख्यात तंत्रसंस्थेंत विद्युत्-अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर इंडियाना विद्यापीठांत गणितांतील डॉक्टरेट, अशी दुहेरी तयारी करून ते आलेले होते. त्यांच्या हाताखालीं जीं तरुण मंडळी जमलीं तीं बहुतेक पदार्थविज्ञानाचे एम. एस्सी. होते. गणकयंत्राची रचना हा विषय देशांतील कोणत्याही विद्यापीठांत शिकविला जात नव्हता. त्यामुळें त्यांस परीक्षा नव्हती, नेमलेलें पुस्तक नव्हतें आणि तपासणारा परीक्षकही नव्हता. नरसिंहन् सोडले तर त्यांच्यापैकीं कोणीं गणकयंत्र कधीं चालविलेलेंही नव्हतें. पोहणें न शिकतां थेट खाडींत उडी घेण्याचाच हा प्रकार होता.

एकदम मोठें यंत्र करण्याचें धाडस त्यांनीं केलें नाहीं, हें शहाणपणाचें झालें. प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र करावयाचें, तें चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि मगच मोठ्याला हात घालावयाचा, असा बेत ठरला. प्रायोगिक यंत्राच्या स्मरणांत बारा अंकी शब्द अवघे २५६ मावत. १९५६ च्या अखेरीस तें चालूं लागलें. त्यावर मोठें गणित होण्यासारखें नव्हतें. पण आपण कागदावर काढलेली आकृति खरोखर हिशेब करते, ही प्रचीति त्या तरुणांस आली.

येथें 'अंकी' म्हणजे दशांशाचे अंक नव्हेत. यंत्रास दोनच अंक कळतात, शून्य आणि एक. कारण प्रवाह आहे किंवा नाहीं, ह्यापलीकडे त्यास दुसरी भाषा येत नाहीं. आपला सात हा आंकडा यंत्रांत १११ असा लिहिला जातो, आणि आठ हा १००० असा. आपल्याकडे पावकी, निमकी, अडीचकी अशीं नाना प्रकारचीं कोष्टकें पाठ करून घेण्याची चाल होती. त्या मानानें यंत्राचा पाढा फारच गरीब. पण त्याचा वेग असा कीं, माणसाचें एक वाक्य उच्चारून व्हावयाच्या आंत त्याच्या हजारों बेरजा होऊन जातात.

खरी अडचण हिशेब करण्याची नसून लक्षांत ठेवण्याची होती. यंत्रास स्मृति कशी द्यावी, ह्या प्रश्नावर त्या दशकांत जगभर नाना उपाय चालले होते. कोणी पाऱ्याच्या नळींत ध्वनीच्या लहरी फिरत्या ठेवीत, कोणी किरणनलिकेच्या पडद्यावर विजेचे ठिपके जपत. मुंबईच्या मंडळींनीं लोहचुंबकीय कड्यांची स्मृति पसंत केली. ही युक्ति तेव्हां अगदीं नवी होती. फेराइट नांवाच्या पदार्थाचीं मोहरीच्या दाण्यासारखीं बारीक कडीं घेऊन तीं तारांच्या जाळींत ओंवतात. कडें एका दिशेनें चुंबकित झालें तर त्याचा अर्थ एक, उलट दिशेनें झालें तर शून्य. प्रत्येक कड्यांतून एक उभी व एक आडवी तार जाते. दोन्ही तारांतून निमा निमा प्रवाह सोडला म्हणजे जेथें त्या छेदतात तेवढेंच कडें उलटतें. त्या तारांवरील बाकीचीं कडीं निम्म्या प्रवाहास दाद देत नाहींत. बुद्धिबळाच्या पटावर उभ्या व आडव्या ओळीवरून घर सांगावें, तसाच हा प्रकार. मात्र ह्यांत एक मौज अशी कीं, कड्यांत काय आहे हें वाचण्यासाठीं त्यास उलटवून पाहावें लागतें, आणि त्या वाचण्यानेंच त्यांतील मजकूर पुसला जातो. म्हणून वाचून झाल्याबरोबर तोच मजकूर पुन्हां लिहून ठेवण्याची योजना यंत्रांतच करावी लागते.

मोठ्या यंत्राचें काम १९५७ पासून सुरू झालें. त्याच्या स्मृतींत चाळीस अंकी शब्द २,०४८ मावत; एका अंकास एक कडें धरलें तर हीं कडीं ऐंशी हजारांवर जातात. निर्वात नळ्या २,७००, जर्मेनियमचे डायोड १,७०० आणि विरोधक १२,५०० असा त्याचा सरंजाम होता. हें सर्व पोलादी कपाटांत बसविलेलें होतें. कपाटांची ओळ अठरा फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट खोल होती, आणि बिघाड शोधण्यास आंत हात घालतां यावा म्हणून दोन्ही अंगांस दारें ठेविलीं होतीं. हीं दारें शोभेचीं नव्हतीं. निर्वात नळी तापते आणि कधीं ना कधीं जळते. अडीच हजारांवर नळ्या एकाच वेळीं तापत असतां त्यांतील कोणती दगा देईल ह्याचा नेम नसतो. अशा एका नळीपायीं साऱ्या गणिताचें उत्तर चुकूं शकतें. जळलेली नळी तरी सांपडते. अर्धवट निकामी झालेली नळी, कधीं बरोबर चालणारी व कधीं न चालणारी, ही खरी डोकेदुखी.

१९६० च्या फेब्रुवारींत हें यंत्र रीतसर कामाला लागलें. पण त्याचें बारसें लांबलें. संस्थेची कुलाब्याची भव्य इमारत पुरी होऊन १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें, त्या सुमारास पंडितजींनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. बाराव्या दिवशीं करावयाचा विधि दोन वर्षांनीं झाला. नांव तसें रुक्षच. संस्थेच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें आणि त्यापुढें स्वयंचलित गणक ह्या अर्थाचीं दोन अक्षरें. ह्या यंत्राला दूरचित्रवाणीसारखा एक पडदाही जोडलेला होता, आणि त्यावर गणिताचें उत्तर आलेखाच्या रूपानें डोळ्यांस दिसे. त्या काळीं ही सोय परदेशांतही दुर्मिळ होती. त्यास आज्ञा मात्र त्याच्याच भाषेंत, शून्य-एकांच्या माळांनीं, लिहून द्यावी लागे. एक अंक इकडचा तिकडे झाला कीं सारें मुसळ केरांत.

आतां कटु गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या वर्षीं टिफ्रॅक कामाला लागलें, त्या वर्षीं निर्वात नळ्यांचें युग संपत आलेलें होतें. अमेरिकेंत ट्रॅन्झिस्टरवर चालणारीं यंत्रें विक्रीस आलेलीं होतीं. तीं लहान होतीं, थंड राहत आणि क्वचित् बिघडत. पांच-सहा वर्षें खपून केलेलें यंत्र जन्मतःच वयस्क ठरलें. १९६४ मध्यें संस्थेनें कंट्रोल डेटा कंपनीचें ३६०० नांवाचें अमेरिकन यंत्र आणविलें. त्याचा शब्द अठ्ठेचाळीस अंकी, वेग कितीतरी पट, आणि त्यास फोरट्रान ह्या माणसास समजणाऱ्या भाषेंत आज्ञा देतां येत. देशभरच्या संस्थांचीं गणितें छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांच्या रूपानें कुलाब्यास येऊं लागलीं. पुढील वर्षीं, १९६५ मध्यें, टिफ्रॅकची सेवा संपली.

मग हा खटाटोप केला कशाला, असें कोणी विचारील. आणि प्रश्न अवास्तव नाहीं. कलकत्त्याच्या संख्याशास्त्रीय संस्थेनें १९५६ सालींच एक इंग्रजी यंत्र विकत आणून कामास लाविलें होतें. मुंबईसही तेंच करतां आलें असतें, आणि शास्त्रज्ञांचीं गणितें चार वर्षें अगोदर झालीं असतीं. केवळ गणितांची संख्या मोजली तर विकत घेणाऱ्यांचा पक्ष बरोबर आहे. पण डॉ. भाभांनीं टाटांच्या विश्वस्तांस १९४४ मध्यें जें पत्र लिहिलें, त्यांत त्यांची मागणी यंत्रांची नसून माणसांची होती: अणुशक्तीचा उपयोग करावयाची वेळ येईल तेव्हां तज्ज्ञ बाहेरून आणावे न लागतां ते घरींच तयार असावेत. ह्या मापानें पाहिलें तर टिफ्रॅक वांयां गेलें नाहीं. नरसिंहन् १९६१ मध्यें इलिनॉय विद्यापीठांत गेले व चित्रें ओळखणाऱ्या यंत्राच्या संशोधनांत पडून १९६४ मध्यें परतले. १९६५ मध्यें देशांतील गणकविद्येच्या मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. टिफ्रॅकवर हात बसलेले पी. व्ही. एस्. राव पुढें यंत्रास माणसाची वाणी कशी कळावी ह्या विषयांत नांवाजले. शेजारीं तुर्भ्याच्या अणुकेंद्रांतील मंडळींनीं रचलेलें यंत्र १९६९ मध्यें पुढें आलें.

तरीही एक उणीव राहिली, ती झांकण्यांत अर्थ नाहीं. कुलाब्यास यंत्र वापरणारे शेंकडों झाले, पण तें रचणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणांत वाढली नाहीं. त्याचा परिणाम पुढील पिढीनें भोगला. १९८० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानानें अमेरिकेकडे क्रे कंपनीचें महागणकयंत्र मागितलें. तेव्हां बंगलोरच्या विज्ञान-संस्थेस तें मिळालें नाहीं, आणि दिल्लीस हवामानासाठीं मिळालें तें धाकट्या आकाराचें व अटी घालून. विकत घेण्याचा मार्गही दुसऱ्याच्या मर्जीवर असतो, हें तेव्हां उमगलें. १९८८ मध्यें पुण्यास गणेशखिंडींत प्रगत संगणनाचें केंद्र निघालें. त्याची धुरा अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं १९४६ सालीं जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांकडे आली. नागपूर, बडोदें व दिल्ली अशा तीन ठिकाणीं अभियांत्रिकी शिकून त्यांनीं १९७२ मध्यें डॉक्टरेट मिळविली होती. एक अजस्र यंत्र करण्याऐवजीं पुष्कळ लहान गणक एकत्र जोडून एकच गणित वांटून द्यावयाचें, ही त्यांची योजना. शेतांत लावणीच्या वेळीं सारा वाडा उतरतो, तशी. अडचण एकच: एकाचें काम दुसऱ्याच्या उत्तरावर अडून राहिलें तर बाकीचे हात बांधून उभे राहतात, म्हणून काम कसें वांटावें हीच ह्यांतील खरी विद्या. १९९१ मध्यें 'परम ८०००' तयार झालें. त्यांतील ट्रान्सप्युटर नांवाच्या चकत्या इंग्रजी कंपनीच्या होत्या, हेंही नमूद केलें पाहिजे. स्वदेशी होती ती जुळणी आणि त्यांकडून काम करवून घेणारी आज्ञावली.

पुण्यासच पाषाण येथें उष्णप्रदेशीय हवामानाची संस्था आहे. २०२४ च्या सप्टेंबरांत तेथें 'अर्क' नांवाचें महागणकयंत्र सुरू झालें. एका सेकंदांत एक कोटि अब्जांहून अधिक क्रिया करण्याची त्याची क्षमता आहे. मोसमी वारे कोंकणच्या किनाऱ्यास केव्हां लागतील, मिरकरवाड्याच्या होड्यांनीं दर्यांत जावें कीं बंदरांत थांबावें, ह्याचीं गणितें आतां अशा यंत्रांवर होतात.