तळटीप १२ : माशीचं नाणं

१२. माशीचं नाणं : आमगावकडच्या (जि. गोंदिया) वाचकाला मधमाशी म्हटलं की उंच झाडावरचं आग्या मोहोळ आठवेल. इथे अभिप्रेत आहे ते मात्र आजच्या तुर्कस्तानातल्या एफेसस या प्राचीन ग्रीक नगराचं चांदीचं नाणं. इ. स. पूर्व चौथ्या शतकातलं हे चार द्राख्मांचं नाणं सुमारे १५ ग्रॅम भरतं. एका बाजूला वरून पाहिल्यासारखी, पंख पसरलेली माशी. पोटावरची वळी मोजता येतील इतकी रेखीव. तिच्या दोन्ही अंगांना नगराच्या नावाची पहिली दोन अक्षरं, एप्सिलॉन आणि फाय. मागे वळून पाहणारं अर्धं हरीण, खजुरीचं झाड आणि अधिकाऱ्याचं नाव दुसऱ्या बाजूला. माशी आणि हरीण ही नगरदेवता आर्टेमिसची चिन्हं.

ग्रीक अक्षरं महाराष्ट्राच्या मातीतही सापडली आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर ब्राह्मी व खरोष्ठीसोबत ग्रीक लिपी आहे. बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटवला.

नाणी जमवणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाणं घासून चकचकीत करू नये. त्याने बारीक रेषा झिजतात. आणि जमिनीत जुना ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. कुठे, कशासोबत सापडलं ही नोंद हरवली, तर नाण्याचा निम्मा इतिहास हरवतो.