पाइपलाइनला कोणता व्हॉल्व्ह बसवावा? आधी काम बघा, मग भाव

नंदुरबार जिल्ह्यातून खाली जाणारी तापी उकाई धरणातून पुढे सुरतला पोहोचते. तिथल्या कतारगाम भागात महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. नदीतून पाणी उचलण्यापासून घराघरात पोहोचवण्यापर्यंत पाणीपुरवठ्यात जागोजागी व्हॉल्व्ह लागतात. शेतातल्या पाइपलाइनचंही तसंच. मात्र प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

गेट व्हॉल्व्ह : पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायचा. अर्धवट उघडा ठेवला की आतली झडप थरथरते, बैठक झिजते. मग कितीही आवळा, पाणी गळतंच.

बॉल व्हॉल्व्ह : पाव फेऱ्यात बंद होतो. लहान पाइपला सोयीचा. पण लांब लाइनवर झटकन बंद केला तर पाण्याचा दणका बसून सांधे निखळतात.

ग्लोब व्हॉल्व्ह : प्रवाह कमी-जास्त करायला हाच घ्यावा. वाफेच्या लाइनवरही चालतो. दाब मात्र थोडा घटतो.

बटरफ्लाय व्हॉल्व्ह : मोठ्या व्यासाच्या लाइनला हलका, कमी जागेत बसणारा. गढूळ पाण्यातला कचरा त्याच्या तबकडीला अडकू शकतो.

एनआरव्ही : वीज गेली की चढावरचं पाणी मागे येतं, पंप उलटा फिरतो. ते हा रोखतो. बसवताना बाण पाण्याच्या दिशेनेच हवा.

दुकानात जाताना पाइपचा व्यास, दाब आणि तापमान लिहून न्या. स्वस्तातला चुकीचा व्हॉल्व्ह शेवटी मोटारीच्या दुरुस्तीत महाग पडतो.